शाळेशेजारचे बांधकाम : धूळ, वारा आणि तक्रार

शाळेच्या शेजारची जुनी चाळ पाडून तिथे बारा मजली इमारत उभी राहू लागली, की पहिल्या आठवड्यात त्याचे कौतुक असते. मुले खिडकीतून पोकलेनकडे पाहत बसतात. दुसऱ्या आठवड्यात बाकांवर बोटाने नाव लिहिता येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यात खिडक्या बंद होतात आणि महिनाअखेरीस मुख्याध्यापकांच्या सहीने एक अर्ज जातो : "बांधकामाच्या धुळीमुळे विद्यार्थ्यांना त्रास होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." ठेकेदार दोन दिवस पाणी मारतो, वाकलेला पत्रा सरळ करतो आणि मग सारे पूर्ववत सुरू होते.

असे अर्ज वाया का जातात याचे उत्तर बरेचसे विज्ञानात सापडते. अर्ज लिहिणारा आणि त्यावर उपाय करणारा, दोघेही धुळीला एकच एक वस्तू समजतात. प्रत्यक्षात जी धूळ बाकावर दिसते आणि जी मुलांच्या छातीत उतरते, त्या दोन निरनिराळ्या आहेत. दिसणारी धूळ थांबली म्हणजे न दिसणारी थांबलीच असे नाही. दोन्ही ज्या कामातून निर्माण होतात ते काम मात्र एकच असते. म्हणून तक्रार धुळीची करण्यापेक्षा कामाची करावी लागते. हे कसे, ते पाहू या.

कण किती मोठा, किती दूर जातो?

धुळीचे कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. नुसत्या डोळ्यांना सुटा कण दिसायचा तर तो ५० मायक्रॉनच्या आसपास तरी हवा.

दगडाच्या चुऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट असते. असा कण हवेतून पडताना त्याचे वजन आणि हवेचा रोध यांचा लवकरच मेळ बसतो आणि तो ठरावीक वेगाने खाली येऊ लागतो. हा वेग उच्च माध्यमिक वर्गात शिकवल्या जाणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने काढता येतो. तो कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला, की पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो.

आता तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवर, फरशी कापण्याचे काम चालू आहे आणि सेकंदाला २ मीटर वेगाचा मंद वारा शाळेच्या दिशेने वाहतो आहे असे समजू. १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाली येतो. (या आकाराला स्टोक्सचा नियम नीट लागू पडत नाही, तो वेग जास्त सांगतो.) असा कण २० सेकंदांत, म्हणजे ४० मीटरच्या आत जमिनीवर येईल. ३० मायक्रॉनचा कण सेकंदाला ७ सेंटिमीटर पडतो. त्याला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल आणि तेवढ्यात तो पावणेतीनशे मीटर गेलेला असेल. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर खाली येतो. त्याचा प्रवास वीस मिनिटांचा आणि अडीच किलोमीटरचा. २.५ मायक्रॉनच्या कणाला साडेपाच तास लागतील आणि हिशेबाने तो ४० किलोमीटरवर पोहोचेल. खरी हवा अशी शिस्तीत वाहत नाही. तिच्यात भोवरे असतात, ती वर-खाली होते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे समजावेत. परंतु आकारानुसार पडणारा फरक त्यातून स्पष्ट होतो. हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. मुलांना ते पाठ्यपुस्तकातल्या तेलाच्या थेंबापेक्षा लवकर पटते.

बाकावरचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरचा थर मुख्यतः ३० ते १०० मायक्रॉनच्या कणांचा असतो. तक्रार त्याची होते. हे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. १० मायक्रॉनच्या खालचे कण मात्र श्वासनलिकेत उतरतात आणि सुमारे ४ मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. म्हणूनच हवेच्या प्रतीचे मापन १० आणि २.५ मायक्रॉन या दोन मर्यादांवर बेतलेले आहे. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतचे कण १०० मायक्रोग्रॅमहून आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे ६० मायक्रोग्रॅमहून जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा याहून कडक, म्हणजे अनुक्रमे ४५ आणि १५ आहेत.

वाऱ्याने उडते की चाकाने?

आपल्याला वाटते, सिमेंटसारखी बारीक पूड वाऱ्याच्या झुळकेने उडत असेल. वाळवंटातील वाळूचा अभ्यास करणारे ब्रिटिश अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात नेमका सिमेंटचाच प्रयोग दिला आहे. गुळगुळीत पसरलेला सिमेंटचा थर, खडे हलवू शकेल एवढ्या जोराच्या वाऱ्यानेही जागचा हलला नाही. बारीक कण एकमेकांना चिकटून असतात आणि जमिनीलगतच्या मंद हवेच्या थरात दडून राहतात. वारा आधी उचलतो ते ७५ ते १०० मायक्रॉनच्या आसपासचे वाळूचे कण. ते उड्या मारत पुढे जातात, आपटतात आणि त्या माऱ्याने खालची बारीक पूड हवेत फेकली जाते.

थाळीत मैद्याचा थर पट्टीने सपाट करून त्यावर पुठ्ठ्याने हळूहळू वारा घाला. मैदा फारसा हलणार नाही. मग वाऱ्याच्या बाजूला थोडा रवा भुरभुरा आणि पुन्हा तितक्याच जोराने वारा घाला. रव्याचे दाणे पळू लागतील आणि जिथे ते आपटतील तिथून मैदा उठेल. प्रयोग मैदानात करावा, नाहीतर वर्ग झाडण्याचे काम वाढते.

बांधकामावर रव्याचे काम डंपरची चाके करतात. म्हणूनच पडून राहिलेल्या ढिगापेक्षा ज्या वाटेवरून वाहने ये-जा करतात ती वाट जास्त धूळ देते. कच्च्या वाटेवरची धूळ वाहनाच्या वेगाबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की धूळही साधारण निम्मी होते. या उपायाला पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कोणी फारसा मनावर घेत नाही.

काम एका दिवसाचे आणि धूळ महिन्यांची, असेही घडते. नोएडातील दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटके लावून पाडले. सुमारे १०० मीटर उंचीचे ते मनोरे दहा सेकंदांच्या आत कोसळले. तो ढग दूरदर्शनवर सगळ्यांनी पाहिला. शेजारच्या इमारती आधी रिकाम्या केल्या होत्या, त्यांना कापडाचे पडदे लावले होते. परंतु सुमारे ८० हजार टन राडारोडा फोडण्याचे, भरण्याचे आणि हलवण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले. तेव्हा चित्रण करणारे कोणी नव्हते आणि शेजारीही आपापल्या घरी परतलेले होते.

धुळीत असते काय?

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि त्वचा फुटते. अधिक गंभीर प्रश्न सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकांचा आहे. आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात मुक्त क्वार्ट्झ फार कमी असते. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारण चौथा ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ असते. हल्ली स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी क्वार्ट्झ नावानेच मिळणारे कृत्रिम दगड वापरतात. त्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त असू शकते. ते कोरडे कापणाऱ्या कामगारांत सिलिकोसिसचे रुग्ण वाढल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. क्वार्ट्झचा सूक्ष्म कण वायुकोशात शिरला, की तो गिळणारी संरक्षक पेशी स्वतःच मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुप्फुसात वण साठत जातात. सिलिकोसिस बरा होत नाही आणि तो झालेल्याला क्षयरोगाचा धोका वाढतो.

हा धोका सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त असतो तो तोंडाला रुमाल बांधून कटर चालवणाऱ्या माणसाला. रुमालाच्या विणीतून ४ मायक्रॉनचे कण सहज आत जातात. त्याचे कुटुंब बहुधा त्याच आवारातल्या पत्र्याच्या खोलीत राहते आणि त्याची मुले कदाचित आपल्याच शाळेत येतात. शेजाऱ्यांच्या तक्रारींत या माणसाचा उल्लेख क्वचितच सापडतो.

जुनी शेड पाडली जात असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. छपराचे करडे सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. ते हातोड्याने फोडू नयेत. ओले करून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत. तुकडे मुलांना हाताळू देऊ नयेत.

पाणी कुठे आणि कधी?

ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो कणांमधील पाण्याच्या पृष्ठताणामुळे. तोच ताण धुळीला धरून ठेवतो. परंतु धूळ हवेत गेल्यावर तिला पाण्याने पकडणे अवघड असते. पडणारा थेंब आपल्यापुढची हवा बाजूला सारतो. मोठा कण त्या हवेबरोबर वळू शकत नाही आणि थेंबावर आदळतो. हलका कण मात्र हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतो. थेंब आणि कण जवळपास सारख्या आकाराचे असतील तरच गाठ पडण्याची शक्यता बरी असते. त्यामुळे बांधकामाच्या फाटकाशी उभी करून आकाशाकडे फवारा सोडणारी धुके-तोफ पाहण्यात मौज असली, तरी पातीवर पाण्याची बारीक धार असलेला कटर तिच्याहून कितीतरी उपयोगी. तिथे कण उडण्याआधीच भिजतो. मात्र खाली साचलेला गाळ वाळण्यापूर्वी उचलला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच गाळ धूळ होतो.

वाटेवर पाणी किती मारायचे याचाही हिशेब करता येतो. उन्हाळ्यात आपल्या पठारावर उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला साधारण १० मिलिमीटर उतरते. ते बहुतेक दिवसाच्या आठ-दहा तासांत उतरते, म्हणजे तासाला सुमारे १ मिलिमीटर. दर चौरस मीटरला एक लिटर पाणी मारले तर ते दुपारी तासभर पुरेल. हजार चौरस मीटरच्या वाटेला तासाला हजार लिटर, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरचा एक टँकर लागेल. सकाळी एकदा पाणी मारून "आम्ही पाणी मारतो" म्हणणाऱ्याला हे गणित दाखवावे. दुष्काळी गावात एवढे पाणी मागणेही बरोबर नाही. अशा ठिकाणी मैलापाणी शुद्ध करून मिळालेले पाणी वापरावे. त्याहून बरे म्हणजे वाटेवर सुरुवातीलाच खडी पसरावी किंवा काँक्रीट करून घ्यावे, आणि वाळू-कचीच्या ढिगांवर ताडपत्री टाकावी.

पावसाळ्यात धुळीची तक्रार नसते, पण तिची तयारी तेव्हाच होते. डंपरच्या चाकांना लागून चिखल रस्त्यावर येतो, ऑक्टोबरात वाळतो आणि रहदारीखाली दळला जातो. फाटकाशी चाके धुण्याची सोय पावसाळ्याआधी हवी, ती याच कारणासाठी.

पत्र्याच्या कुंपणाविषयी थोडे. भरीव पत्र्यावर आपटलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे तयार करतो. मोठे कण अडतात, पण बारीक कण हवेबरोबर वरून जातात. सुमारे निम्मी भोके असलेली जाळी वाऱ्याला फोडून त्याचा वेग अधिक चांगल्या रीतीने कमी करते. म्हणून खाली पत्रा आणि वर इमारतीभोवती दाट हिरवे कापड किंवा ओले गोणपाट, ही जोडी ठीक आहे. कापड एका मोसमात फाटते आणि फाटलेले तसेच लोंबत राहते, हा त्यातला दोष.

नियम काय म्हणतात?

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती करून, जिथे धूलिकण मानकाहून जास्त आहेत अशा शहरांसाठी काही गोष्टी बंधनकारक केल्या. बांधकाम साहित्य उघड्यावर कापणे आणि घासणे याला मनाई आहे. माती, वाळू, राडारोडा झाकल्याशिवाय ठेवता येत नाही आणि उघड्या वाहनातून नेता येत नाही. धूळ रोखण्यासाठी केलेले उपाय लोकांना वाचता येतील अशा फलकावर लावावे लागतात. हा शेवटचा नियम शाळेला फार उपयोगी आहे. फलक आहे का आणि त्यावर लिहिलेले प्रत्यक्षात होते का, हे रस्त्यावरून जाता-येता कोणालाही पाहता येते.

मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपले स्वतंत्र निर्देश काढले. त्यांत ७० मीटरहून उंच इमारतींभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला सर्व बाजूंनी कापड किंवा ताडपत्री, पाडकामाच्या वेळी सतत पाण्याची फवारणी आणि चाके धुण्याची सोय यांचा समावेश होता. त्याच महिनाअखेरीस मुंबई उच्च न्यायालयानेही हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ३० डिसेंबर २०२४ रोजी बोरिवली पूर्व आणि भायखळा येथील बांधकामे सरसकट थांबवण्याचे पालिकेने जाहीर केले. तेथील हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला होता. सरसकट बंदीत नियम पाळणारा आणि न पाळणारा दोघेही भरडले जातात आणि मजुरांचा रोज बुडतो. वेळीच नेमकी तक्रार होऊन ती मिटली असती, तर एवढी पाळी कदाचित आली नसती.

नेमकी तक्रार

"धूळ येते" या वाक्यावर ठेकेदाराचे ठरलेले उत्तर असते : "ती रस्त्याची आहे." त्याचे म्हणणे खोटेच असेल असे नाही. म्हणून आधी नोंद करावी. काचेच्या चार पट्ट्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून त्या शाळेच्या चार बाजूंना, आडोशाला पण उघड्या हवेत, २४ तास ठेवाव्यात. नंतर पट्टी आलेख कागदावर ठेवून एका चौरस सेंटिमीटरमधले कण भिंगाखाली मोजावेत. उदबत्तीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा दिवसातून तीनदा लिहावी. बांधकामाकडून वारा येत असताना त्या बाजूची पट्टी भरते आणि वारा फिरला की रिकामी राहते, असे दहा दिवसांत पुन्हा पुन्हा दिसले, तर रस्त्याचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. साइटला सुट्टी असलेला दिवस या मोजणीत अवश्य यावा.

दुसरी चाचणी प्रयोगशाळेत होते. खिडकीवरची धूळ थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून त्यात फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. गुलाबी रंग आला तर ताजे सिमेंट किंवा चुना असण्याचा संभव मोठा. शेजारी मैदानातल्या मातीचा नमुना तुलनेसाठी ठेवावा. मात्र रंग आला नाही म्हणजे सिमेंट नाही असे म्हणता येत नाही, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडने सिमेंटचा अल्कधर्म कमी होत जातो. पाडलेल्या जुन्या काँक्रीटची धूळ म्हणूनच रंग न देण्याची शक्यता असते. यापैकी कोणतीही चाचणी १० मायक्रॉनखालचे कण मोजत नाही. त्याला यंत्र लागते. पण ज्या कामातून मोठे कण आले त्यातून बारीकही आले असणार, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

आता अर्ज असा होईल : "सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते बारा, पश्चिमेचा वारा असताना चौथ्या मजल्यावर फरशी कोरडी कापली जात होती. पाचवी ते सातवीच्या खिडक्या त्या बाजूला आहेत. कापण्याचे काम पाणी सोडून, बंद जागेत व्हावे किंवा शाळा सुटल्यानंतर व्हावे." यावर साइट इंजिनिअरला काहीतरी करता येते. कोणता कटर, कोणता गवंडी, कोणती वेळ हे त्याला लगेच कळते. पहिला अर्ज त्यालाच द्यावा आणि पोच घ्यावी. बांधकामावर एका ठरावीक माणसाकडे अशा तक्रारींची वही असावी, तिच्यात काय केले तेही लिहिले जावे आणि पाडकाम किंवा मोठी भराई असेल त्याची सूचना शाळेला दोन दिवस आधी मिळावी, एवढे मागून घ्यावे. समंजस ठेकेदार याला नाही म्हणत नाही. काम बंद पडण्यापेक्षा हे त्याला स्वस्त पडते. आठवड्यात फरक पडला नाही तर नोंदीच्या प्रतीसह महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या बांधकाम खात्याकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे. बांधकामाच्या फलकावर परवानगीचा क्रमांक असतो, तो अर्जात घालावा.

नोंदवही मुलांच्या हाती दिली, तर ती धूळ आलेल्या दिवशीच भरली जाते असे बहुधा होते. धूळ आली नाही त्या दिवशीही वारा, वेळ आणि पलीकडे चालू असलेले काम लिहायला सांगावे. ज्या दिवशी त्याच वाऱ्यात तीच फरशी कापली गेली आणि पट्टी तरीही रिकामी राहिली, त्या दिवशी तिथे काय वेगळे केले होते हे जाऊन विचारता येते.